माझा बारका कुठं हाय?

ती आली तेव्हा दुपारची जेवणं उरकत आली होती. दारात पोलिसांची गाडी थांबली आणि महिला पोलिसाच्या मागून एक दहा-अकरा वर्षांची मुलगी उतरली. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, गुडघ्यापर्यंत आलेला. पायांत काही नाही. अंगाला माशांचा आणि ओल्या गाळाचा वास. मी तिचा हात धरायला गेले आणि दचकले. बोटं पाण्यात राहून राहून पांढरीफटक पडली होती आणि पेरांवर जाळ्याच्या दोऱ्यानं चिरल्याच्या रेघा होत्या, जुन्या रेघांवर नव्या. एवढ्याशा पोरीचे हात नव्हतेच ते.

बारामतीतल्या मुलींच्या एका बालगृहात मी काम करते. कागदावर मी काळजीवाहक, मुली मावशी म्हणतात. यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये. दोन्ही मुलं आपापल्या मार्गाला लागली, तेव्हा घरात बसून भिंती किती बघायच्या, म्हणून मी या कामाला आले. माहेर माझं इंदापूर तालुक्यातलं. उजनीचं पाणी मी कळत्या वयापासून बघत आले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते बघायला वडील आम्हाला न्यायचे. हिवाळ्यात त्याच पाण्यावर रोहित पक्षी उतरतात आणि पुण्याहून माणसं कॅमेरे घेऊन येतात. अशाच पाहुण्यांना होडीतून फिरवणाऱ्या एका नाववाल्यानं ही मुलगी पाहिली होती. एकदा नाही, रोजच. उजाडायच्या आधीपासून ती होडीत उभी राहून जाळं ओढायची. शेवटी न राहवून त्यानं फोन केला, आणि पोलीस आणि कामगार खात्याची माणसं पाण्याच्या कडेला गेली. तिथं प्लॅस्टिकच्या कागदाच्या झोपडीत ही एकटीच सापडली. ठेकेदार पळाला होता.

पहिले काही आठवडे ती बोललीच नाही. सांगितलं की उठायची, सांगितलं की बसायची. पलंगावर झोपायची नाही. सकाळी बघावं तर पलंगाखाली, भिंतीला पाठ लावून. पहाटे मी चहाला उठले की ही आधीच दारापाशी येऊन उभी असायची, हुकमाची वाट बघत. "अगं, झोप की अजून," म्हटलं तरी नुसती बघायची. झोप म्हणजे काय सांगतायत हे, असं तोंड करून.

एका रविवारी कुणातरी दानशूर माणसानं मुलींसाठी मासे पाठवले. चिलापी होती, उजनीतलीच. स्वयंपाकाच्या बाईनं घमेलं खाली ठेवलं आणि विळी मांडून पाणी आणायला वळली, तेवढ्यात ही खाली बसली. कुणी काही सांगायच्या आत मासे खवलून, चिरून, धुऊन तिनं घमेलं परत जागेवर ठेवलं. सगळ्या मुली तोंडात बोट घालून बघत होत्या. जेवायला मात्र तिनं माशाला हात लावला नाही. भात-वरण कालवून खाल्लं आणि ताट घासून ठेवलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी तिच्या बोटांना मलम लावत होते. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "माझा बारका कुठं हाय?"

मला आधी कळलंच नाही. आवाजच पहिल्यांदा ऐकत होते मी तिचा.

"कोण बारका?"

"भाव माझा. तुमी मला आनलं, त्याला नाय आनलं."

भाऊ असल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सुटका झालेलं मूल एकच, असंच आम्ही धरून चाललो होतो. मी मलमाची डबी खाली ठेवली आणि तिला बोलू दिलं. ती तुटक तुटक सांगत गेली.

घर घाटाखाली होतं तिचं, कोकणाच्या बाजूला. आई, बाप, ती आणि धाकटा भाऊ, सगळी मिळून ठेकेदाराच्या टेम्पोतून पाण्यावर मासेमारीला आली. येण्याआधी बापानं उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत परत जायचं नाही, असं ठेकेदारानं बजावलेलं. पहिल्याच पावसाळ्यात आईला ताप भरला. दवाखान्यात न्या म्हटलं तर जाळी कोण ओढणार, म्हणाला ठेकेदार. आई तिथंच, त्या प्लॅस्टिकच्या कागदाखाली गेली. पुढं एक दिवस बाप गावाकडं जाऊन येतो म्हणून गेला, तो आलाच नाही. बापाची होडी मग हिच्याकडं आली. एका बाजूला भावाला बसवायचं आणि दुसऱ्या बाजूनं जाळं ओढायचं. भाऊ तीन-साडेतीन वर्षांचा. पाण्यात पडू नये म्हणून त्याच्या कमरेला दोरी बांधून ती आपल्या पायाला बांधायची.

"मंग एक पांढरी गाडी आली," ती म्हणाली. "ठेकेदार बोल्ला, पोराला शिकवाया नेतो, हितं मरंल तो. मी सोडला नाय त्याला. तर मला झोपडीत कोंडली. बाहेर आले तर बारका नाय."

"कुठं नेला, काही ऐकलंस?"

"कळंब बोल्ला कोन तरी."

एवढा एक शब्द तिनं जपून ठेवला होता. दोन वर्षं.

आमच्या समाजसेविका ताई तरुण, पण कामाला वाघीण. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पोलिसांना कळवलं. आम्ही दोघी इंदापूरला गेलो, कचेरीत बसलो, या टेबलावरून त्या टेबलावर फिरलो. सगळे म्हणत होते, बघतो. बघतात तेही, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्यापुढं कामांचा ढीग असतो. आणि इकडं ही रोज संध्याकाळी फाटकाकडं तोंड करून बसायची. मग एका सुट्टीच्या दिवशी मीच यजमानांना म्हटलं, चला, कळंबला जाऊन येऊ. कळंब इंदापूर तालुक्यातलंच, माझ्या आत्याचं सासर त्या भागात होतं, माणसं थोडी ओळखीची. मोटारसायकलवरून निघालो. जंक्शन गावावरून आत वळल्यावर दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. कारखान्याकडं निघालेले ट्रॅक्टर वाटेत आडवे येत होते.

देवळापाशी बसलेल्या एका आबांना विचारलं, की गावात कुणाकडं बाहेरून आणलेलं लहान मूल आहे का. आबांनी बाजूची काठी हातात घेतली.

"कशापाय इचारताय?"

"त्याची बहीण आहे आमच्याकडं, आबा. वाट बघतीय."

त्यांनी काठी जमिनीवर फिरवली. "बहीन हाय व्हय त्याला?" म्हणाले, आणि मग हातानं वस्तीकडची वाट दाखवली. "लई जपत्यात त्याला. सांभाळून बोला."

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. डोळ्यांसमोर एक कामाला जुंपलेलं, मार खाल्लेलं पोर होतं आणि त्याला जुंपणारा एखादा राक्षस. वस्तीवर पोचलो तर अंगणात साधारण सहा वर्षांचा मुलगा टायर फिरवत होता. डोक्याला तेल, भांग पाडलेला, गालावर काजळाची तीट. शाळेची चड्डी, इस्त्री केलेली. आम्हाला बघून तो ओरडत आत गेला, "आये, पावनी आली!"

बाई बाहेर आली. चाळिशी ओलांडलेली, हाताला शेण लागलेलं, गोठ्यात होती. यजमानांना पाणी दिलं, मला पाटावर बसवलं, चहा टाकला. दोघंच नवरा-बायको, थोडा ऊस, दोन म्हशी. मूलबाळ झालं नव्हतं, हे तिनं आपणहूनच सांगितलं, कुणी विचारायच्या आत. मी विचारलं, "आणि हा?"

"माजाच हाय." चुलीकडं तोंड करूनच म्हणाली.

मी म्हटलं, "बाई, याची बहीण आहे. अकरा वर्षांची."

चहाच्या पातेलीला लावलेला चिमटा तिच्या हातात तसाच राहिला. चहा उतू जाऊन चूल फसफसली. मग तिनं पातेली खाली ठेवली आणि दारात बसली.

"आईबाप न्हाईत म्हनला तो मानूस. कुनीच न्हाय म्हनला. मालकांनी त्याला काय दिलं, मला म्हाईत न्हाय. मी पोर घेतलं. निस्ती हाडं हुती ताई त्याची. कमरंला दोरीचं वळ हुतं." ती थांबली. "मी काय कामाला न्हाय लावलं त्याला. इचारा कुनालाबी."

विचारायची गरज नव्हती. मला दिसत होतं. परत येताना यजमान गाडी चालवत होते आणि मी मागं बसून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होते. ते एवढंच म्हणाले, "सांगावं तर लागंलच." लागणारच होतं. पोर विकत घेता येत नाही, मग घेणारा कितीही भला असो. आज तो भला निघाला, उद्या दुसरा कोण निघेल? आणि ती बहीण? तिचं काय? मी ताईंना सगळं सांगितलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हाही सांगेन. पण चुलीपुढची ती पाठमोरी बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पोलिसांनी मुलाला आणलं. कळंबच्या बाईच्या नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला. मुलांच्या बाबतीतले निर्णय बाल कल्याण समिती घेते, तिच्यापुढं भावाबहिणीची गाठ घालायचं ठरलं. आदल्या दिवशी आमच्या पोरीनं स्वतःहून वेणी घालून मागितली. इतर मुलींनी तिला आपल्यातला चांगला फ्रॉक दिला. वाटेत गाडीत ती मला सारखं सांगत होती, त्याला काय आवडतं, तो कसा हसतो, त्याला कुठल्या कानानं नीट ऐकू येत नाही. इतकं ती एरवी महिनाभरात बोलायची नाही.

खोलीत गेलो. मुलगा महिला पोलिसाच्या साडीचा पदर धरून उभा होता. रडून रडून डोळे सुजलेले. ही धावली. "बारक्या!" म्हणून त्याला कवटाळलं आणि आपल्या घाटाखालच्या बोलीत भराभर काहीतरी बोलू लागली. त्यानं तिला ढकललं. त्याला त्यातलं काही कळतच नव्हतं. ती बोली त्याच्या कानातून पार गेली होती. तो कळंबचं बोलत होता.

"ही कोन हाय? मला आयकडं जायाचंय!"

तिला वाटलं असावं, ओळख पटली नाही तर परत नेतील. तिनं एकदम खाली बसून त्याचा सदरा वर केला. पोटावर डागल्याची खूण होती, तान्हेपणी दुखण्यासाठी डाग देतात तसली. "ह्ये बघा," ती समितीच्या बाईंना म्हणाली, "ह्ये बघा, आयसनं डाग दिलेला. माझाच हाय." मुलगा किंचाळून तिच्या हाताला चावला. तिनं हात काढून घेतला नाही. चावू दिलं.

समितीच्या बाई, वयानं मोठ्या, कितीतरी मुलं बघितलेल्या. त्यांनीही चष्मा काढून पुसला.

भावंडं सापडली, आता एकत्र राहतील, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. तसं झालं नाही. आमचं बालगृह मुलींचं. त्या वयाचा मुलगा तिथं ठेवता येत नाही, त्याला मुलांच्या बालगृहात पाठवावं लागतं, आणि ते लांब, पुण्याला. नियम कशासाठी आहे ते मलाही कळतं. तिला मात्र कळेना. "दोरी बांधून ठेवते त्याला, कुटं जानार नाय," ती मला म्हणाली. "मंग तर ऱ्हाऊ दे?"

गाडी मिळेल तशी आम्ही तिला भेटीला न्यायचो. पहिल्या भेटीत तो जवळ आला नाही. दुसऱ्या वेळी तिनं नेलेलं बिस्किट घेतलं आणि लांब जाऊन खाल्लं. पुढं पुढं शेजारी बसायला लागला. ताई म्हणायला लागला. आमच्याकडं ती शाळेत जायला लागली होती, वाचायला शिकत होती. पुस्तकातला धडा पाठ करून ती त्याला जाऊन वाचून दाखवायची, बोट फिरवत, अडखळत. तो ऐकायचा, आणि निघायच्या वेळी हमखास विचारायचा, "मला आयकडं कवा नेनार?" ती म्हणायची, "नेऊ." आणि गाडीत बसल्यावर बारामती येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायची.

एका सकाळी आमच्या फाटकाशी कळंबची बाई आली. जामिनावर सुटलेला नवरा लांब झाडाखाली उभा. तिच्या हातात डबा होता, शेंगदाण्याचे लाडू. पोरगा इथंच असेल असं समजून आली होती. मी तिला सांगितलं, तो इथं नाही, आणि कुठं आहे ते मला सांगता येत नाही. ती गयावया करू लागली नाही. नुसती मान हलवत राहिली.

आमची पोर अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं असावं. हातातला कपडा तसाच ठेवून ती फाटकापाशी आली आणि गजातून त्या बाईकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, आता काहीतरी वाईट होणार. शिव्या देईल, दगड मारेल. तिला तो हक्क होता.

तिनं विचारलं, "त्याला निजताना काय लागतं? तिथं तो निजत नाय, सर बोल्ले."

बाईनं पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "पोटावर हात ठिवावा लागतो. निस्ता ठिवायचा. काडला की जागा हुतोय. पयल्या दिवसापून तसंच. कुनी लावली सवं, द्येव जाने."

"मी लावली," पोर म्हणाली. "आयस गेल्यावर मीच ठेवायची."

दोघी गजांच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. बाईनं गजातून हात घातला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. पोरीनं तो ठेवू दिला. मी आत निघून गेले, डबा घेऊन. मुलींना एकेक लाडू वाटला.

पुढच्या वर्षी तिच्या बापाचा पत्ता लागला. तो आला, कुणाचा तरी उसना पांढरा शर्ट घालून, हात जोडून. वाईट माणूस नव्हता. खचलेला होता. दुसरं लग्न केलेलं, त्या बायकोचं एक मूल. गावाहून परत आलो तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी मारून हाकललं, पुन्हा आलास तर पाण्यात बुडवू म्हणाले, असं त्यानं सांगितलं. खरं असेल. पोरीनं त्याला आपादमस्तक बघितलं.

"न्यायला आलो गो," तो म्हणाला.

"बारक्याला पन नेशील?"

"नेतो."

समितीनं घराची चौकशी करवली. तिलाही एकटीला बसवून विचारलं, जायचंय का. आदल्या दिवशी मीही विचारलं होतं. "तू म्हणालीस तर थांबता येईल," म्हटलं. "शाळा चालू राहील."

ती म्हणाली, "मावशी, हितं ऱ्हायले तर तो तिकडं न् मी हितं. बापासकडं गेलो तर एका घरात."

जगातलं एकच घर असं होतं, जिथं त्या दोघांना एका छपराखाली राहू देणार होते. कागदपत्रं झाली. मी तिला दोन फ्रॉक, स्वेटर, पाटी, पुस्तकं बांधून दिली. निघताना ती पाया पडली आणि भावालाही पडायला लावलं. त्याचं बोट तिनं घट्ट धरलं होतं. एसटीत बसल्यावर खिडकीतून हात हलवला तो त्यानं, तिनं नाही. तिचा एक हात त्याच्या खांद्यावर होता आणि दुसऱ्या हातात पिशवी.

सुरुवातीला फोन व्हायचे. तिथल्या एका संस्थेच्या कार्यकर्त्याच्या फोनवरून ती बोलायची. शाळेत जातोय, दोघं जातोय. मग एकटा बारका जातोय. मग फोन लागेना. पावसाळा गेला, दिवाळी गेली. ताईंनी तिथल्या बाल कल्याण समितीला कळवलं, उत्तर येईना. शेवटी आम्ही दोघी घाट उतरून गेलो.

घराला काट्याची फांदी लावलेली होती. शेजारच्या खोपटातली म्हातारी सांगू लागली. सगळी वीटभट्टीवर गेलीत, येतील आगोटीला, पाऊस लागायच्या आधी.

"आणि मुलगी?"

"तिचा लगीन लावला ना." म्हातारी सहज बोलली. मग आमचे चेहरे बघून तिनं आम्हाला खोपटात बसवलं.

हळूहळू बाकीचं कळलं. बापानं पुन्हा उचल घेतली होती. यावेळी दोन्ही पोरांना भट्टीवर न्यायचं ठरलं होतं, बारक्यालाही. सावत्र आईच्या नात्यातला एक माणूस मुलगी मागत होता. तो कोळशाच्या भट्ट्यांवर जायचा, लांब, कर्नाटकात. पोरगी तेव्हा चौदाचीही नव्हती. तिनं आधी मार खाल्ला, पण हूं म्हणाली नाही. मग एके दिवशी स्वतःच बापाला म्हणाली, "लगीन करते. पन बारक्याला आश्रमशालंत घालायचा. आधी त्याला घाला, मंग मी जाते." म्हातारीनं स्वतः ऐकलं होतं. पोरगीच त्याला चालवत शाळेत घेऊन गेली, मोठ्या गुरुजींपुढं उभी राहिली, त्याचं नाव घातलं, आणि परत येऊन हळदीला बसली.

आम्ही आश्रमशाळेत गेलो. जेवणाची सुट्टी होती. तो मला ओळखेल की नाही, अशी धाकधूक होती. त्यानं ओळखलं. उंच झाला होता. पण व्हरांड्याच्या खांबाला हात धरून उभा राहिला, पायरी उतरेना.

"ये की रे," मी म्हटलं. "खाऊ आणलाय."

"तितंच ठेवा." मग जरा थांबून, समजावल्यासारखं म्हणाला, "ताईनं सांगितलंय, हितून हलायचा नाय. कोन पन न्यायला आला तरी जायाचा नाय. पोलीस आले, बापूस आला, मावशी आली तरी नाय."

मी खाऊची पिशवी पायरीवर ठेवली. "बरोबर सांगितलंय तिनं," म्हटलं. मी, पोलीस, समिती, बाप, आम्ही सगळ्यांनी त्याला आजवर उचलून इकडून तिकडं ठेवला होता. त्याला एका जागी राहू द्या, एवढं तिला एकटीला सुचलं होतं.

मोठे गुरुजी म्हणाले, हुशार आहे, गणितात बरा आहे. कुणाशी फार बोलत नाही.

परत आल्यावर ताईंनी तक्रार दिली. बालविवाहाचा गुन्हा दाखल झाला. बापाला भट्टीवरून बोलावून घेतलं. तो नुसता रडला. पोरगी कुठल्या जंगलात आहे, ते त्याला सांगता येईना. कोळसा पाडणाऱ्या त्या टोळ्या एका जंगलात थोडे दिवस राहतात, लाकूड संपलं की पुढं सरकतात. पोलिसांचं पथक एकदा जाऊन आलं. जिथं सांगितलं होतं तिथं राख होती, खोपटांच्या खुणा होत्या, माणसं नव्हती. शोध चालू आहे. मी हे लिहिते आहे तोवर ती सापडलेली नाही. आमच्या बालगृहात तिच्या पलंगावर आता दुसरी मुलगी झोपते, पलंगावर झोपते, आणि मला त्याचं बरं वाटतं, नि तरी रोज पहाटे मी पलंगाखाली वाकून बघते.

गेल्या महिन्यात कामासाठी इंदापूरला गेले होते. स्टँडवर बारामतीच्या गाडीची वाट बघत बसले, तर समोरून कळंबची ती बाई आली. बाजार करून निघाली होती, पिशवीतून मेथी डोकावत होती. केस पार पांढरे झालेले. खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे, म्हणाली. शेजारी बसली.

मग तिनं पिशवीच्या बंदाशी चाळा करत विचारलं, "जिता हाय न्हवं?"

"हाय."

"साळंत जातो?"

"जातो. गणित चांगलं आहे म्हणतात."

तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. तेवढ्यात माझी गाडी लागली. मी उठले, पिशवी घेतली. तिनं माझा हात धरला.

"आन ती पोर? तिचं कसं हाय?"

कंडक्टर हाका मारत होता. लोक मागून ढकलत होते. मी तिच्या हातावर नुसता हात ठेवला. मग तिचं तिलाच कळलं असावं, कारण तिनं माझा हात सोडला आणि खाली वाकून धक्क्यानं पिशवीतून पडलेली मेथीची जुडी उचलायला लागली.